नाताळच्या फराळाबरोबर

नाताळात शेजारी जाणाऱ्या आमच्या ताटात करंज्या, शंकरपाळे, चकल्या आणि केकचे दोन तुकडे असतात. नगरच्या मराठी ख्रिस्ती घरांत केक वगळला तर दिवाळीच्या आणि नाताळच्या फराळात तसा फरक नसतोच. गेली काही वर्षं मी या ताटाबरोबर कवितेचं एखादं पुस्तकही देतो. लोक पुस्तकाकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि ‘कशाला उगाच’ म्हणत आधी ताट उचलतात. म्हणून मी एक नियम करून घेतलाय : जी कविता मोठ्यानं म्हणता येत नाही, ती नाताळात द्यायची नाही. मनातल्या मनात वाचायच्या कवितेला वर्षाचे बाकीचे महिने आहेत. या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं असतं, पेटी उघडी असते, रात्री कॅरलवाली पोरं ढोलकी घेऊन दारात येतात. एवढ्या गलक्यात टिकायचं तर कवितेला आवाज हवा.

या कसोटीला रेव्हरंड नारायण वामन टिळक सगळ्यांत आधी उतरतात. शाळेत ते ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून भेटतात आणि बहुतेकांच्या लेखी तिथंच संपतात. चर्चमध्ये मात्र ‘उपासना संगीत’ उघडलं की त्यांचं एखादं पद निघतंच. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण अभंग सोडला नाही, कीर्तनही सोडलं नाही. तुकारामांच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असं ते सांगत.

त्यांची ‘अभंगांजली’ मी खालच्या मजल्यावरच्या काकांना दिली. काका वारकरी, दरवर्षी दिंडीत जाणारे. देताना मला जरा धाकधूक होती. धर्माचं पुस्तक हातात ठेवतोय असं वाटायला नको. काकांनी चष्मा लावला, प्रस्तावना ओलांडली आणि मधलाच एक अभंग थेट दिंडीतल्या चालीवर सुरू केला. ख्रिस्ताचं नाव आलं तिथं ते थांबले, बोटांवर अक्षरं मोजली आणि पुढं निघाले. शेवटी म्हणाले, “अक्षरं नीट बसलीत. माणूस भजनातला होता.” समीक्षक पानंच्या पानं लिहितात, पण मला हा अभिप्राय पुरेसा वाटला. त्यानंतर त्यांनी ताटावरचा रुमाल बाजूला केला.

‘ख्रिस्तायन’ मात्र ज्याला त्याला देता येत नाही. टिळक १९१९ मध्ये वारले तेव्हा या महाकाव्याचे सुरुवातीचे दहाएक अध्यायच झाले होते. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या बाईंनी नवऱ्याचं एवढं मोठं काम पुढं न्यावं, याचं नवल मला अजून ओसरलेलं नाही. खरं सांगायचं तर सलग वाचायला बसलं की माझा दम संपतो. काही ठिकाणी नुसती गोष्ट पद्यात घातल्यासारखी वाटते. आमच्या आत्याला हे पटत नाही. ती आगमनकाळात पोथी लावावी तसं ते लावते : संध्याकाळचा चहा झाला की एक बैठक, ठरावीक सुरात. तिच्या तोंडून ऐकताना माझी तक्रार बरीचशी गळून पडते.

कॉलेजातल्या मुलांना मी बालकवी देतो. त्यांच्या कवितेत नाताळचं काही नाही, हे मला ठाऊक आहे. पण हा मुलगा नगरला टिळकांच्या घरात वावरला, लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त त्याच्याविषयी घरच्या लेकरासारखं लिहिलं. १९१८ मध्ये भादलीजवळ रेल्वेखाली तो गेला तेव्हा अठ्ठाविशीही पुरी झाली नव्हती. शिवाय म्हणून बघावी अशी कविता हवी असेल तर बालकवींइतकी नादाची दुसरी कुठली देणार?

यंदाचं खरं काम ‘क्रिस्तपुराणा’चं आहे. इंग्लंडातून १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी साष्टीत राहून जवळजवळ अकरा हजार ओव्या मराठीत रचल्या. नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं सुटली होती. त्या जागी वाचायला आम्हाला काहीतरी द्या, अशी त्यांची मागणी ग्रंथाच्या सुरुवातीलाच येते. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीत बायबल आलं ते असं. १६१६ मध्ये राचोलला ते छापलं गेलं तेव्हा देवनागरी टाइप हाताशी नसल्यामुळं लिपी रोमन घ्यावी लागली. त्या छापील आवृत्तीची एकही प्रत उरलेली नाही. हस्तलिखितं मात्र मंगळूरपर्यंत गेली, तिथल्या ख्रिस्ती घरांत गायली गेली, आणि १९०७ मध्ये मंगळूरलाच जोसेफ सालदान्हांनी त्यांवरून पुन्हा रोमन लिपीतली आवृत्ती काढली.

पुतणीची लेक कॅनडात वाढलेली. घरात अस्खलित मराठी बोलते, देवनागरी वाचता येत नाही. मराठी कवितेचं पुस्तक तिला द्यायचं म्हणजे शोभेची वस्तू देण्यासारखंच, असं तिची आईच म्हणायची. मी मंगळूर आवृत्तीच्या स्कॅनमधली ख्रिस्तजन्माची पानं तिला पाठवली. ‘श’च्या जागी ‘एक्स’ आणि बऱ्याच ठिकाणी ‘व’साठी ‘यू’ आहे, एवढं फोनवर समजावलं. पोर्तुगीज वळणाचं ते लेखन आमच्यासारख्या देवनागरीवाल्यांना दमवतं. तिला आमच्याहून कमी त्रास झाला. व्हिडिओ कॉलवर ती अडखळत वाचू लागली आणि इकडे आत्या कानावर हात धरून ऐकू लागली. दोन-तीन ओव्यांनंतर आत्यानं तिला मध्येच थांबवून चाल सांगितली. मग पोर चालीवर वाचायला लागली. चारशे वर्षांपूर्वीचे काही शब्द दोघींनाही अडले. तिथं आत्या अंदाजानं अर्थ सांगून मोकळी झाली, आणि मीही तिला अडवलं नाही.

आता पोरीला पुस्तक हवंय, मोबाइलवरची पानं नकोत. पहिल्या पुराणात जग निर्माण होण्यापासूनची कथा आहे, ते नंतर बघू, आधी दुसरंच पाठवा, असं तिनं बजावलंय. छापलेली पानं बाइंडिंगवाल्याकडे पडली आहेत. तो म्हणतो जाडी फार होतेय, दोन भाग करा. कॅनडाचं टपालही वजनावरच आहे, तेव्हा दोन भागच करावे लागतील असं दिसतंय.