सॅलफर्ड : गिरण्यांचे चित्र आणि पेन्सिलीची सही

मँचेस्टरहून ट्रामने सॅलफर्ड कीज येथे उतरल्यावर हे एकेकाळचे गजबजलेले बंदर होते, हे सांगूनही पटत नाही. १८९४ साली कालवा खुला झाला आणि समुद्रापासून दूर असलेल्या या भागात जहाजे येऊ लागली. १९८२ मध्ये गोद्या बंद पडल्या. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात आपल्याकडचा कापूस ज्या गिरण्यांनी ओढून नेला, त्या लँकेशायरच्या गिरण्याही थंडावल्या. त्यांची धुरांडी आता उरली आहेत ती प्रामुख्याने एल. एस. लौरी (१८८७-१९७६) यांच्या चित्रांत. त्यांच्याच नावाच्या, २००० साली उघडलेल्या येथील कलाकेंद्रात त्यांची सुमारे चारशे चित्रे व रेखाटने आहेत.

माझ्यासारख्या निवृत्त बँक अधिकाऱ्याला लौरी जवळचे वाटण्याचे कारण निराळे आहे. हे गृहस्थ १९१० पासून १९५२ पर्यंत एका मालमत्ता कंपनीत घरभाडे वसूल करीत होते. पुढे तेथेच मुख्य रोखपाल झाले आणि रीतसर निवृत्तिवेतन घेऊन घरी बसले. वसुलीसाठी पायी तुडवलेले रस्ते ते अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा आटोपल्यावर रात्री रंगवीत. रंग पाचच : पांढरा, काळा, शेंदरी, प्रशियन निळा आणि पिवळी माती. लोक हौशी म्हणतील म्हणून नोकरीची गोष्ट ते कलाजगतापासून लपवीत. खातेवहीच्या शिस्तीने चित्र बिघडते, हा समज किती जुना आहे पाहा!

मूळ चित्रे आपल्या आवाक्याबाहेरची. ‘गोइंग टू द मॅच’ हे १९५३ सालचे चित्र २०२२ मध्ये अठ्ठ्याहत्तर लाख पौंडांना याच कलाकेंद्राने घेतले. सामान्य संग्राहक वळतो तो मर्यादित आवृत्तीच्या स्वाक्षरीयुक्त मुद्राचित्रांकडे. लौरींच्या अखेरच्या वर्षांत अशी अनेक चित्रे छापली गेली. एखाद्या आवृत्तीत ५०० प्रती, एखादीत ८५०. खालच्या कोऱ्या समासात बहुधा पेन्सिलीने सही आणि पुष्कळदा कागदावर दाबून उठवलेला व्यापारी संघाचा शिक्का. यांतील बहुतेक प्रती यंत्राने छापलेल्या आहेत. भिंगाखाली ठिपके स्पष्ट दिसतात. चित्रकाराच्या हाताचे त्यात काय, तर ती सही! आणि किंमत ठरते तीही मुख्यतः तिच्यावरच.

मुलाने एका दुकानात आधीच विचारून ठेवले होते. रस्ता, धुरांडी, काड्यांसारखी माणसे. मी खिशातले भिंग काढून आधी सही पाहिली. आयुष्यभर नमुना सह्यांशी सह्या ताडून पाहिल्या. हात थबकला कोठे, घाईने वळला कोठे, हे डोळ्यांना कळते. माझ्या मते सही अस्सल होती. शिक्काही होता. पण चित्र बरीच वर्षे उन्हात टांगलेले असावे. शेंदरी रंग पार उडाला होता, निळा राखेसारखा झाला होता. चौकटीच्या पट्टीखाली झाकलेली कड तेवढी ताजी होती, म्हणून फरक कळला. विक्रेत्यानेही तो लपवला नाही, किंमत थोडी उतरवली. तरीही ती निवृत्तीच्या ठेवीला हात घालायला लावणारी होती.

मुलगा म्हणाला, “बाबा, सही खरी आहे ना? मग भाव पुढे वाढेलच.”

सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “सही भिंतीवर लावायची की चित्र?”

कर्जाच्या कागदावर सही नसेल तर तो कागद रद्दी. हे मी चौतीस वर्षे मानले आणि तेथे ते योग्यच होते. पण ज्या चित्रातला शेंदूरच गेला, त्याची सही तारण म्हणून ठेवता येईल. त्याच्याकडे रोज पाहायचे कशासाठी? बाजार या दोन्हींना एकच भाव लावतो, हे मला मान्य नाही. आम्ही दुकानदाराचे आभार मानून निघालो.

दुसऱ्या दिवशी कलाकेंद्रात १९३० चे ‘कमिंग फ्रॉम द मिल’ पाहिले. पेंडलबरी स्थानकावर गाडी चुकल्यावर समोरच्या गिरणीतून सुटणारी माणसे पाहून आपण या विषयाकडे वळलो, असे लौरी सांगत. माझे बालपण सोलापुरात गेले. भोंगा झाला की अशीच वाकलेली माणसे आमच्या दारावरून जात. त्या चित्राची बिनसहीची छापील प्रत तेथल्या दुकानात मिळाली.

ती आता घरात ऊन न येणाऱ्या भिंतीवर आहे. पाहुण्यांना सौभाग्यवती सांगतात, “ही आमच्या सोलापूरची गिरणी सुटली आहे.” मी दुरुस्ती करीत नाही.