एका पुंगळीची निवड

मराठीचे अध्यापन करणाऱ्यांनी मोटारसायकलच्या सायलेन्सरवर लेख लिहावा, हे वाचकांना विषयांतर वाटण्याची शक्यता आहे. ध्वनी हा शब्द आम्ही गेली अठरा-एकोणीस वर्षे वर्गात उच्चारत आलो, तो आनंदवर्धनाच्या अर्थाने. फळ्यावर अभिधा, लक्षणा, व्यंजना असे तीन शब्द लिहायचे, घंटेच्या टोल्यानंतर रेंगाळणाऱ्या अनुरणनाचा दाखला द्यायचा आणि पुढच्या तासाला रसचर्चेकडे वळायचे, असा आमचा शिरस्ता. 2024 साली मात्र हा शब्द अगदी वाच्यार्थाने आमच्या दारात येऊन उभा राहिला आणि त्याचा निकाल लावायला आम्हाला चांगले तीन महिने लागले.

येथे 'आम्ही' म्हणजे संपादकीय आम्ही नव्हे. आम्ही खरोखरच दोघे आहोत. साताऱ्यात दोन निरनिराळ्या महाविद्यालयांत मराठी शिकवतो आणि एकाच घरात राहतो. घरात 1989 सालची एक बुलेट आहे. ती आण्णांची. आण्णा म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. 2019 मध्ये ते गेले, गाडी राहिली. तिची नोंदणी पहिल्या पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला येते आणि त्या वेळी गाडी परिवहन कार्यालयात तपासणीसाठी उभी करावी लागते. 2024 हे तसे वर्ष होते.

गाडीत दोष एकच होता. सायलेन्सर सडला होता. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते. लांब पल्ला असेल तर ती तापलेल्या नळीतून निघून जाते, पण घर ते महाविद्यालय एवढ्याच फेऱ्या असल्या की आतच थिजते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. आमच्या गाडीचे तेच झाले होते. खालच्या बाजूची शिवण उसवली होती, आतले पडदे गळून गेले होते, आणि आण्णांच्या काळी जी गाडी धीरगंभीर चालीने गल्लीत शिरत असे ती आता कोकलत शिरू लागली होती. मिस्त्री वर्षभर सांगत होते, "सर, नळकांडं बदला." आम्ही वर्षभर टाळत होतो.

टाळण्याचे कारण आई. (आई 'म्हणाली' की 'म्हणाल्या', यावर या लेखाच्या मसुद्यात आमचा मतभेद झाला. अखेरीस मुलाचे 'म्हणाली' सुनेच्या 'म्हणाल्या'पुढे नमले.) आण्णा नोकरीत असताना बुलेट गल्लीच्या कोपऱ्यावर आली की आई चहाचे आधण ठेवीत, आणि आण्णा पायऱ्या चढून येईपर्यंत चहा कपात असे. हा नेम त्यांनी आमच्यासाठीही चालू ठेवला. आता त्यांचे वय ऐंशीच्या पुढे, कान मंद झालेले. दारावरची घंटा त्यांना ऐकू येत नाही, दूरध्वनी ऐकू येत नाही. पण फाटलेल्या सायलेन्सरची बुलेट मात्र कोपऱ्यावरून ऐकू येत होती आणि चहा वेळेवर होत होता. तेव्हा सायलेन्सर दुरुस्त करणे म्हणजे त्या घरातला एक धागा तोडणे, असे आम्हाला वाटत होते. तसे आम्ही एकमेकांना कधी स्पष्ट बोलून दाखवले नाही, एवढेच.

हा पेच फोडला एका विद्यार्थ्याने. तृतीय वर्षाचा हा मुलगा मोकळी पुंगळी लावलेली बुलेट घेऊन महाविद्यालयाभोवती घिरट्या घालत असे. शिस्तपालन समितीचे सदस्य म्हणून त्याला समज देण्याचे काम आमच्यापैकी एकाकडे आले. समज देताना आम्ही कायद्याचा आधार घेतला. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांतील नियम 120 प्रमाणे प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारे साधन असलेच पाहिजे. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, तर शांतता क्षेत्रात ती 50 आणि 40 आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 खाली आवाजाचे मानक मोडणाऱ्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मुलगा शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "सर, पण तुमची बुलेट पण लांबनंच कळती की."

असो. त्याच रविवारी आम्ही पुण्याला नाना पेठेत गेलो.

दुचाकीच्या सुट्या भागांचा हा बाजार ज्यांनी पाहिला नसेल, त्यांनी भाषेच्या अभ्यासासाठी तरी तो एकदा पाहावा. भिंतभर टांगलेल्या सायलेन्सरांची नावे विक्रेता एका दमात सांगतो : लाँग बॉटल, शॉर्ट बॉटल, ग्लासवूल, मेगाफोन, डॉल्फिन, इंदोरी, पंजाब. काही नावे आकारावरून, काही आतल्या भरणावरून, तर काही प्रदेशावरून पडलेली. या साऱ्यांना गावाकडे एकच शब्द पुरतो, पुंगळी. आणि 'पुंगळी काढली' एवढ्या दोन शब्दांत मालकाचा स्वभाव, वय आणि कधी कधी पक्षही कळतो.

या नावांमागे यंत्रशास्त्र आहे, ते मिस्त्रींनी आम्हाला आधी समजावले होते. जुन्या बुलेटच्या इंजिनात एकच दट्ट्या. सिलिंडरचा व्यास 70 मिलिमीटर, दट्ट्याची धाव 90 मिलिमीटर. त्यातून 346 घनसेंटिमीटर होतात. दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो. म्हणजे मिनिटाला हजार फेऱ्यांच्या संथ चालीत सेकंदाला जेमतेम आठ ठोके. ठोक्याठोक्यांत मोकळी जागा राहते, म्हणून ते वेगळे ऐकू येतात. हा प्रत्येक ठोका मुळात कर्कशच असतो. सायलेन्सरच्या पोटातले पत्र्याचे पडदे त्याला कोठडीकोठडीतून फिरवतात, लाटेवर उलटी लाट आदळवतात आणि तीक्ष्ण स्वर आतच जिरवतात. ग्लासवूलच्या प्रकारात सरळ भोकांची नळी असते, तिच्याभोवतीची काचेची लोकर आवाज शोषते. लोकर जळून उडाली की उरते नुसते नळकांडे. आणि पडदेच काढले तर धूर मोकळा वाहतो, कार्ब्युरेटरचे मिश्रण हवेच्या बाजूला झुकते, इंजिन तापते. ते दुरुस्त करायला जेट बदलावे लागते. "पुंगळी एकटी बदलत नाही, सर," मिस्त्री म्हणाले होते, "तिच्यामागं सगळी गाडी बदलाय लागती."

नाना पेठेत आम्ही तीन दुकाने पाहिली आणि तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारला : हा कायदेशीर आहे का? पहिला म्हणाला, "सर, कंपनीसारखाच आवाज आहे." दुसरा म्हणाला, "पोलीस अडवत नाहीत." तिसऱ्याने तर टोकाकडचा एक स्क्रू सोडवून आतली छोटी नळी बाहेर काढून दाखवली आणि म्हणाला, "पोलीस दिसले की आत, नाहीतर खिशात." पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर ओळीने मांडून रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे आम्ही वर्तमानपत्रांत पाहिली होती, त्यांतले निम्मे तरी या तिसऱ्या व्याख्येचे असावेत. कायदेशीर या शब्दाचे तीन अर्थ आम्हाला एका तासात मिळाले. त्यांतला वाच्यार्थ एकही नव्हता.

वाच्यार्थ मिळाला तो जर्मनीतून. आमचा भाचा स्टुटगार्टला असतो. त्याने जुनी दोन आसनी माझ्दा एमएक्स-5 घेतली आणि तिचा मागचा सायलेन्सर बदलला, हे आम्हाला ठाऊक होते. त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "मामा, इथे दुकानदाराला विचारायचंच नसतं, पत्र्यावर वाचायचं असतं." मंजूर सायलेन्सरवर वर्तुळात 'ई' हे अक्षर आणि मंजुरी देणाऱ्या देशाचा अंक कोरलेला असतो, जर्मनीचा अंक एक. मोटारींच्या बदली सायलेन्सरसाठी संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेतील नियम क्रमांक 59 आहे, दुचाकींसाठी 92. शिवाय गाडीच्या नोंदणीपत्रावरच तिचा उभ्याने आणि चालताना किती आवाज व्हावा ते छापलेले असते. पोलिसाला शंका आली तर नळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, 45 अंशांच्या कोनात मापक धरायचा आणि आकडा कागदाशी ताडून पाहायचा. भाच्याला खरे तर याहून मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आवडला होता. पण त्याच्यावर तो केवळ शर्यतीच्या मैदानासाठी असल्याचा शिक्का होता, म्हणून सोडून द्यावा लागला. "मग वाईट नाही वाटलं?" मामीने विचारले. "वाटलं ना. पण पहाटे पाचला ऑफिसला निघतो, तेव्हा बरं वाटतं."

आपल्याकडे दुकानातला पत्रा असे काही बोलत नाही. 1 एप्रिल 2005 पासून 175 घनसेंटिमीटरवरील नव्या मोटारसायकलींना 80 डेसिबलची मर्यादा आहे, पण ती उत्पादकाच्या चाचणीतली. आमची गाडी तर त्याहून जुनी. तेव्हा आमच्यापुरता नियम आम्हालाच ठरवावा लागला, तो असा : मूळ सायलेन्सरच्या लांबीचा, आत मूळ पद्धतीचे पडदे झाळलेले, एकही स्क्रू सुटत नाही असा. तसा लाँग बॉटल चौथ्या दुकानात मिळाला. विक्रेत्याने तो माळ्यावरून काढून धूळ झटकत विचारले, "साहेब, आवाज नको असेल तर बुलेट कशाला ठेवली?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ होते, निदान आम्हाला तसे वाटत होते. दोन आठवड्यांपूर्वीच आम्ही आईंच्या कानांची तपासणी करून घेतली होती. तपासणाऱ्या बाईंनी एक आलेख दाखवला. डावीकडे खालचे स्वर, तिथे रेष बऱ्यापैकी वर. उजवीकडे उंच स्वर, तिथे ती दरीत कोसळलेली. वार्धक्यात ऐकू येणे कमी होते ते आधी उंच स्वरांचे, असे त्यांनी सांगितले. घंटा म्हणूनच ऐकू येत नाही. यावरून आम्ही एक सिद्धांत रचला. फाटक्या सायलेन्सरचा कर्कशपणा आईंना मुळी पोहोचतच नसणार. पोहोचतो तो खालचा ठोका, आणि तो तर चांगल्या सायलेन्सरमध्येही शिल्लक राहतो. म्हणजे कायदाही पाळला जाईल, शेजारही शांत होईल आणि चहाही होईल. संशोधनपत्रिकेत शोभावा असा हा निष्कर्ष होता.

मिस्त्रींनी सायलेन्सर बसवला. जेटला हात लावावा लागला नाही. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली आणि आम्ही दोघेही क्षणभर गप्प झालो, कारण तो आवाज आण्णांचा होता. पुढच्या आठवड्यात परिवहन कार्यालयात तपासणी झाली आणि गाडीला आणखी पाच वर्षे मिळाली.

बसवल्या दिवशी संध्याकाळी आम्ही मुद्दाम सावकाश गल्लीत शिरलो. कोपरा मागे पडला. फाटकाशी आलो. स्वयंपाकघराचा दिवा बंद होता. आई ओसरीवर पाठमोऱ्या बसून शेंगा निवडत होत्या. आम्ही अगदी जवळ गेलो तेव्हा त्यांनी मान वर केली आणि दचकून म्हणाल्या, "चालत आलात का?"

सिद्धांत कोसळला होता. डेसिबलचे माप समान पायऱ्यांचे नसते. दहाने उतरले की ध्वनीची शक्ती दशांशावर येते. ठोक्याचा स्वर खालचा असला तरी तोही तेवढाच उतरला होता, हे आमच्या लक्षातच आले नव्हते. आम्ही आईंना अंगणात नेले आणि गाडी सुरू केली. त्यांनी सीटवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाल्या, "ह्यांची अशीच वाजायची. कोपऱ्यावरनं ऐकू यायची ती काय गाडी मोठी वाजायची म्हणून? कान धड होते माझे."

आम्ही जुना सायलेन्सर परत बसवण्याचे काहीतरी बोललो असू. त्यावर त्या चटकन म्हणाल्या, "नको. समोरची सिस्टर रात्रपाळी करून दिवसा झोपते. वर्षभर तिची झोप होत नव्हती, मला ठाऊक होतं. तिनं एकदा सांगितलंही होतं. मीच तुम्हाला बोलले नाही. मला ऐकू येत होतं ना, म्हणून."

यावर आम्हाला काही सुचले नाही. वर्षभर आम्ही त्यांच्यासाठी गप्प होतो आणि त्या स्वतःसाठी. सिस्टरबाई मात्र सभ्यतेपोटी सगळ्यांचे सोसत होत्या. आमच्या पेचात त्यांची झोप कधी आलीच नव्हती. ज्या मुलाला आम्ही कलमे ऐकवली त्याला मित्रांच्या टाळ्या हव्या होत्या आणि आम्हाला चहा हवा होता; रस्त्यावरच्या माणसाच्या कानाला या दोन्हींत काही फरक पडत नाही. दुसऱ्या दिवशी आमच्यापैकी एकाने त्या मुलाला गाठून नवा सायलेन्सर दाखवला. त्याने वाकून पाहिला, हसला, आणि किंमत विचारली. पुढे त्याने स्वतःचा बदलला की नाही, ते आम्ही विचारलेले नाही.

श्रवणयंत्राला आईंचा अजून नकार आहे. बुलेट आता गल्लीत शिरते ती कुणाला न कळता. आधण आम्ही आल्यावर ठेवले जाते, चहाला पाच-सात मिनिटे उशीर होतो. तेवढा वेळ आम्ही तिघे स्वयंपाकघरात उभे असतो.