नाचणीचा डबा

वर्षातले साडेदहा महिने तो आमच्या माळ्यावर उपडा पडून असतो. पंधरा किलो तेलाचा पत्र्याचा डबा, आजोबांनी उभा चिरून पसरट केलेला. पोरांचे हात कापू नयेत म्हणून त्यांनी त्याच्या कडा हातोडीने आत वळवल्या आणि तळाला खिळ्याने सात भोकं पाडली. त्याचा एक कोपरा खचलेला आहे, त्यामुळे जमिनीवर ठेवला की तो मान तिरकी करून ऐकणाऱ्या म्हाताऱ्यासारखा दिसतो. त्या कोपऱ्याखाली करवंटीचा तुकडा सरकवला की नीट बसतो. एके काळी अंगावर रंगीत फूल होतं, त्याच्या दोन पाकळ्या गंजातून अजून डोकावतात.

डिसेंबर आला की त्याला खाली उतरवायचं. आमच्या वसईत नाताळच्या गोठ्यात गवत लागतं, आणि ते नाचणी पेरून घरीच उगवायचं असतं. वाडीत आमच्याकडे केळी आणि थोडी भाजी, नाचणी पिकत नाही. ती बाजारातून मूठभर आणायची. आजीचा नेम ठरलेला: आठ डिसेंबरला निष्कलंक मरियेच्या सणाची मिस्सा झाली की त्या रात्री दाणे भिजत घालायचे आणि नऊला पेरायचे. त्याआधी पेरलं तर नाताळपर्यंत रोपं उंच होऊन लोळतात, उशीर झाला तर गोठा बोडका राहतो. शेजारच्या घरी नवरात्रात घट बसायचा तेव्हा आजी हटकून डोकावून यायची आणि त्यांचं धान किती वर आलंय ते सांगायची. फ्रान्सच्या प्रोव्हान्समध्ये आणि लेबनॉनमध्येही नाताळसाठी असंच धान्य पेरतात, चार डिसेंबरला, संत बार्बराच्या सणाला. हे मी फार पुढे वाचलं. आपल्या डब्याचे दूरदूरचे नातेवाईक निघावेत तसा तेव्हा आनंद झाला होता.

डब्याचा स्वभाव असा की त्याला घाई चालत नाही. नाचणीचा दाणा मोहरीएवढाच, त्यामुळे तो कोरड्या वाळूत कालवून विखरावा लागतो. वर चाळलेल्या शेणखताचा पातळ थर. पाणी ओतायचं नाही, ओतलं की सगळे दाणे तरंगत एका कोपऱ्यात जमतात. तांब्यात बोटं बुडवून शिंपडायचं, सकाळ-संध्याकाळ. मग तीन-चार दिवस काहीच दिसत नाही. काळी ओली माती, बस. सहा-सात वर्षांची असताना मी तिसऱ्या दिवशी बोटाने माती उकरून पाहिली होती. दाण्याला पांढरं केसासारखं काहीतरी फुटलेलं होतं आणि माझ्या नखाने ते तुटलं. आजी रागावली नाही. दुसऱ्या दिवसापासून शिंपडायचं काम तिने माझ्याकडे दिलं.

आगमनकाळ म्हणजे काय, हे मी धर्मशिक्षणाच्या वर्गाआधी त्या डब्याकडून शिकले. चार रविवार, फादरांचा जांभळा झगा, मिस्सेत ग्लोरिया नाही, गोठ्यातली गव्हाण रिकामी. बाळ येशू चोवीसच्या मध्यरात्रीपर्यंत कपाटात कापसात गुंडाळलेला. सगळं जमवून ठेवायचं आणि मधली जागा मोकळी सोडायची. ग्रेच्चो गावात १२२३ साली संत फ्रान्सिसने नाताळच्या रात्री गवत भरलेली गव्हाण मांडली, खरा बैल आणि खरं गाढव आणलं. गवताची गोष्ट तिथवर जाते. पण लहानपणी मला वाटायचं, गोठा ही आमच्या डब्याचीच कल्पना आहे.

तीन वर्षांपूर्वी ऐन पावसात आईला पक्षाघात झाला. मेंदूच्या डाव्या बाजूला, म्हणून उजवा हात गेला आणि त्याबरोबर वाचाही. तिला सगळं कळायचं. ती डोळ्यांनी उत्तर द्यायची, पण पाणी मागायला तोंड उघडलं की नुसता श्वास बाहेर यायचा. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं, येतील शब्द, पण कधी आणि किती ते सांगता येणार नाही. मी देवाला तारीख घालून दिली. नाताळच्या मिस्सेला आईने तोंडाने उत्तरं द्यायला हवीत. रोज रात्री हेच मागायचे, आणि मागता मागता आवाज चढायचा.

त्या वर्षी डबा मीच पेरला आणि उगवण लवकर व्हावी म्हणून त्यावर टोपली पालथी घातली. दोन दिवस झाकायचीच पद्धत आहे. पण दवाखान्याच्या फेऱ्यांत मी ती काढायला विसरले. आठवड्याने उचलली तर आत चार-चार बोटं उंच, फिकट पिवळे धागे. अंधारात रोप उजेड शोधत भराभर लांबतं, पण त्याच्या देठात जोर येत नाही. संध्याकाळपर्यंत सगळी आडवी झाली. मी ओट्याशी उभी राहून रडले. माझी प्रार्थना तशीच होती, आणि ते मला तिथेच कळलं.

दाणे उरले होते. आईने डाव्या हाताने वाटी ओढून घेतली. वाळूत कालवायचं तिला जमेना, बोटांची चिमूट सुटेना. बरेच दाणे एकाच कोपऱ्यात सांडले, तोही खचलेल्या. मी सारखे करायला हात पुढे केला तर तिने मनगट धरलं. पकड पूर्वीसारखी होती. मी हात मागे घेतला.

त्यानंतर मी देवाला दिलेली तारीख काढून घेतली. मागणं सोडलं नाही. सकाळी तांब्या घेऊन शिंपडताना मागायचं आणि दिवसाच्या कामाला लागायचं, एवढंच. एकोणीस डिसेंबरच्या मिस्सेत जखऱ्याचं शुभवर्तमान असतं. म्हातारा याजक, मंदिरात धूप जाळताना देवदूताने सांगितलेलं त्याला खरं वाटत नाही आणि बाळाचं नाव ठेवेपर्यंत त्याची वाचा जाते. आजवर मला ती शिक्षा वाटायची. त्या सकाळी आईशेजारी बसून ऐकताना वाटलं, त्या मुक्या महिन्यांतच तर त्याच्या बायकोच्या, एलिझाबेथच्या पोटात योहान वाढत होता. घरी आल्यावर मी फादर दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ काढून तो भाग आईला पुन्हा वाचून दाखवला. ती डोळे मिटून ऐकत होती.

चोवीसला गवत जेमतेम बोटभर होतं. एका कोपऱ्यात दाट, बाकी माती उघडी. पण देठ ताठ आणि हिरवेगार. पहाटे बघितलं तर प्रत्येक पात्याच्या टोकावर एक-एक थेंब. घरात दव कुठून येणार? मुळं रात्रभर पाणी वर ढकलत असतात, तेच टोकाला येऊन थांबतं. आईने उघड्या मातीत मेंढ्या मांडल्या आणि दाट कोपऱ्यात गव्हाण. मध्यरात्रीच्या मिस्सेत तिने उत्तरं दिली नाहीत. नाताळगीत सुरू झालं तेव्हा मात्र तिचे ओठ हलले आणि कडव्याचे शेवटचे शब्द सगळ्यांबरोबर बाहेर आले, स्पष्ट. बाईंनी नंतर समजावलं, पाठ असलेली गाणी आणि प्रार्थना मेंदूत वेगळ्या वाटेने येतात, त्यांच्यावर जाऊ नका. मी जात नाही. पण रोझरी म्हणताना घरात तिचा आवाज ऐकू येतो, आणि तेवढ्यासाठी मी रोज देवाचे आभार मानते.

आता आईकडे पन्नासेक शब्द आहेत. त्यांची अदलाबदल होते. मला ती मावशीच्या नावाने हाक मारते, मिठाला साखर म्हणते. हवा तो शब्द शोधताना कपाळाला आठ्या पडतात, आणि आम्ही कोणी तो पुरवत नाही. थांबतो.

तीन राजांच्या सणानंतर, सहा जानेवारीला, गवत केळीच्या बुंध्याशी जातं. डबा धुऊन, उन्हात वाळवून, तेलाचा हात फिरवून माळ्यावर जातो. गंजाने तळाची दोन भोकं एक झाली आहेत. नवा ट्रे घेऊ या, असं भावाने सुचवलं होतं. आईने मान हलवली. यंदा त्या भोकावर करवंटीचा दुसरा तुकडा ठेवला आहे.

परवा पेरणी झाली. आज सकाळी ओट्यापाशी येऊन आई डब्यावर वाकली आणि बराच वेळ मातीकडे बघत राहिली. वर काहीच आलेलं नव्हतं. मग तिने मला हाक मारली, मावशीच्याच नावाने, आणि मातीकडे बोट केलं.

“दूध,” ती म्हणाली.

मी तांब्यात बोटं बुडवून पाणी शिंपडलं.