पहिल्या वर्षाची रिकरिंग ठेव

माणसाच्या नकळत वाढणाऱ्या गोष्टी दोनच : कर्जावरचं व्याज आणि अंगावरचं वजन. पहिल्याबद्दल मी बँकेच्या काउंटरवरून बोलतो तेव्हा लोक मुकाट्याने ऐकतात. दुसऱ्याबद्दल तोंड उघडलं, की आधी माझ्या पोटाकडे बघतात. तरी बोलतो.

घर सोडून कॉलेजात गेलेलं पोर पहिल्याच वर्षी फुगतं, हा बोभाटा मूळ अमेरिकेतला. तिकडे त्याला नावसुद्धा आहे, ‘फ्रेशमन फिफ्टीन’. म्हणजे वर्षात पंधरा पौंड, आपल्या मापाने पावणेसात किलो! १९८९ साली मुलींच्या एका मासिकाने हा आकडा मुखपृष्ठावर झळकवला आणि तो सर्वतोमुखी झाला. पुढे २०१५ साली कुणीतरी बऱ्याच पाहण्या एकत्र करून ताळा घेतला. सरासरी वाढ भरली १.३६ किलो. मात्र ज्यांचं वजन वाढलं, आणि ते दहांत सहाजण होते, त्यांचं सव्वातीन किलोंच्या वर गेलं होतं.

आमचा भाचा सांगलीहून पुण्याला शिकायला गेला, तो या सहांतलाच. दिवाळीला आला तेव्हा पँटच्या बटणाने राजीनामा दिलेला. आमची ताई मात्र दारातच म्हणाली, “किती वाळलास रे!” आईच्या नजरेपुढे वजनकाट्याचं काही चालत नाही.

मी कॉमर्सवाला. जमाखर्च मांडायला बसलो. जमेच्या बाजूला मेसमधला दुपारचा भात, रात्रीच्या जागरणातला वडापाव, परीक्षेच्या धास्तीने संपवलेली फरसाणाची पाकिटं आणि ताईने धाडलेला लाडवांचा डबा. नावे बाजूला काय? शाळेत असताना सायकल होती, संध्याकाळी कबड्डी होती. आता हॉस्टेल ते वर्ग, दोनशे पावलं. झोपही तुटपुंजी, आणि झोप कमी झाली की भूक वाढते, असं डॉक्टरमंडळी सांगतात. अमेरिकेत या यादीत बीअरही धरतात. भाच्याने मामापुढे तिचा उल्लेख केला नाही, म्हणून तो रकाना मी कोरा सोडला.

गंमत पुढेच आहे. तीन किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने २३ हजार कॅलरी. त्या ३०० दिवसांवर वाटल्या, तर रोजच्या जेमतेम ७७. म्हणजे साखर घातलेला एक कप चहा! दरोडा वगैरे काही नाही हो, रोज बिनबोभाट भरलेली रिकरिंग ठेव. मुदत संपली की एकरकमी अंगावर.

हा हिशेब मी मोठ्या ऐटीत भाच्यापुढे ठेवला. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “मामा, एक रकाना राहिला. रात्री अकराला पोटात कसंतरी होतं. ती भूक असते की घरची आठवण, तेच कळत नाही. दोन्ही एकाच जागी होतं ना.”

आता याला कुठल्या खात्यात टाकायचं? इतकी वर्षं खतावण्या लिहिल्या, पण असलं हेडिंग कधी पाहिलं नाही.

शेवटी त्याला म्हटलं, “बाबा रे, अकराला पोटात काही झालं की आधी आईला फोन लाव. ती जागीच असते आणि पहिला प्रश्न ‘जेवलास का?’ हाच विचारते. फोन ठेवल्यावर जी उरेल, ती भूक. तिला खुशाल वडापाव दे.”