'अरे'ला 'का रे' न करता

परराष्ट्र खात्याची पत्रकं वाचली की माझं डोकं फिरायचं. 'चिंता व्यक्त केली', 'संपर्कात आहोत'. अरे, समोरचा दमदाटी करतोय, सुनावा ना चार शब्द!

हे मत डोकलामच्या वेळी बदलत गेलं, तेही लगेच नाही. जून २०१७ मध्ये भूतान आपलं म्हणतो त्या पठारावर चीननं रस्ता करायला घेतला, आपले जवान बुलडोझर घेऊन आडवे उभे राहिले. पुढे अडीच महिने बीजिंगहून आग ओकणं चालू होतं. १९६२ ची आठवण, 'आधी मागे व्हा, मग चर्चा' हा हेका. दिल्लीनं एक सविस्तर निवेदन काढलं आणि त्यालाच धरून बसली. २०१७ चा भारत वेगळा आहे, असं तेव्हाचे संरक्षणमंत्री अरुण जेटली म्हणाले, तेवढ्यानंच माझ्यासारख्यांना जरा बरं वाटलं. ऑगस्टमध्ये तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज राज्यसभेत संयमाची भाषा बोलल्या, तर मी चिडलोच. बीजिंगमध्ये आपले राजदूत होते विजय गोखले, अस्सल मराठी माणूस. त्या काळातलं त्यांचं एखादं तडफदार वाक्य मला आठवत नाही.

२८ ऑगस्टला कोंडी फुटली. भारत म्हणाला, समोरासमोर आलेलं सैन्य मागे घेण्याचं ठरलंय, काम सुरू आहे. चीन म्हणाला, भारताचे सैनिक परत गेले, आमची गस्त चालूच राहील. दोन्ही पत्रकं शेजारी ठेवून वाचली, तेव्हा कुठे उलगडलं. रस्त्याचं काय, यावर अवाक्षर नाही. दोघांनाही आपापल्या लोकांसमोर मान ताठ ठेवायला जागा उरली होती. दिल्लीनं आधी 'धडा शिकवू' म्हटलं असतं, तर ती कुठून मिळाली असती? अर्थात आठवड्यावर चीनमध्येच ब्रिक्सची परिषद होती, तिचाही हात असणार.

जपून बोलल्यानं शेजारी सुधारतो, असं मी म्हणत नाही. २०२० मध्ये गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले २० जवान गेले.

आणि एक गोष्ट अजून खटकते. डिसेंबर २०२२ मध्ये तवांगजवळ यांगत्सेला चिनी सैन्याशी झटापट झाली, विरोधकांनी संसदेत चर्चा मागितली, ती मिळाली नाही. बीजिंगशी तोलून मापून बोला, माझी आता तक्रार नाही. पण जपून बोलायला हवं, ही सबब संसदेला सांगितलेली मला तेव्हाही पटली नव्हती, आजही पटत नाही.