वाऱ्याची नवरी

चि. छोटीस,


तुझं पत्र मिळालं. लेकीला लग्नात ऑस्कर कोकोश्काच्या ‘वाऱ्याची नवरी’ची मोठी प्रत फ्रेम करून द्यायचं म्हणतेस. चित्र थोर आहे, त्यात वादच नाही. पण नव्या संसाराच्या भिंतीवर? त्यापेक्षा पैठणी दे, नाहीतर सरळ पाकीट दे.

मूळ चित्र बाझलच्या संग्रहालयात आहे, चांगलं दोन मीटरहून जास्त रुंद. निळ्या-हिरव्या वादळात कोकोश्का स्वतः आणि त्याची प्रेयसी आल्मा, दोघं आडवी. आल्मा त्याच्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपलेली आणि तो टक्क जागा, स्वतःचीच बोटं एकमेकांत गुंतवून. तुला त्यात प्रेम दिसतं. मला पहारा दिसतो.

१९१२चा एप्रिल, व्हिएन्ना. संगीतकार गुस्ताव माहलरला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. त्याची विधवा आल्मा बत्तीस वर्षांची, कोकोश्का सव्वीसचा. तिचं चित्र काढायला म्हणून तिच्या सावत्र वडिलांच्या घरी आला आणि लगोलग पत्र पाठवून लग्नाची मागणी घातली. पुढे पत्रांचा जो पाऊस पडला तो चारशेच्या घरात जातो. तिने गळाबंद कपडे घालावेत, परपुरुषाकडे बघू नये. मेलेल्या माहलरचाही त्याला मत्सर. दुसरं कुणी तिच्याकडे येऊ नये म्हणून रात्री उशिरापर्यंत तो घराखाली येरझाऱ्या घालायचा, असं आल्माच लिहून गेली आहे.

तिला मात्र बिचारी ठरवू नकोस हं. अजोड कलाकृती घडव, मग लग्न करीन, ही अट तिचीच. जवळ बोलवायचं, मग गुदमरलं की गावाला निघून जायचं, परत यायचं. प्रतिभावान पुरुषाला आपल्यावाचून सुचत नाही याची तिला चटक होती, आणि याला तिच्यावाचून खरंच सुचत नव्हतं. त्याच वर्षी राहिलेला गर्भ तिने पाडला. शरीर तिचं होतं, निर्णयही तिचाच. ते दुःख त्याने जन्मभर कुरवाळलं, हेही तितकंच खरं.

युद्ध आलं तसा तो घोडदळात गेला. ऑगस्ट १९१५मध्ये आल्माने वास्तुकार वॉल्टर ग्रोपियसशी लग्न केलं आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पूर्व आघाडीवर कोकोश्काच्या डोक्यात गोळी आणि फुप्फुसात संगीन घुसली. मेल्याची बातमी व्हिएन्नात पोचली, तेव्हा ही बाई त्याच्या स्टुडिओत जाऊन आपली पत्रं घेऊन आली! व्यवहारी म्हणायचं की निष्ठुर, तूच ठरव.

आणि तो तर वाचला होता. १९१८मध्ये त्याने म्युनिकच्या हेर्मिने मोस या बाहुल्या करणाऱ्या बाईला आल्माच्या मापाची बाहुली करायला सांगितली. पूर्णाकृती रेखाटन पाठवलं, मागोमाग सूचनांची पत्रं. मांस संपून शिरा कुठे लागतात तिकडे लक्ष दे. भरायला घोड्याचे केस हवेत, त्यासाठी जुना सोफा विकत घे. तोंड उघडेल ना? आत दात, जीभ असेल ना? पुढच्या वर्षी खोकं आलं, ड्रेस्डेनला. उघडून बघतो तर अंगभर पिसांची लव. ही त्वचा अस्वलाच्या कातड्यासारखी आहे, पलंगापुढे अंथरायला बरी, असं त्याने त्या बाईला कळवलं.

तरी बाहुली टाकली नाही. तिला पॅरिसचे कपडे आणले, मोलकरणीला तिची दासी केलं, तिची चित्रं काढली. ऑपेराला नेल्याच्या गोष्टी सांगतात, त्या सोडून दे, लोक काय वाटेल ते सांगतात. शेवटी एका पार्टीत बाहुलीचं डोकं उडवलं आणि तिच्यावर तांबडी वाइन ओतली. बागेत प्रेत पडलंय म्हणून सकाळी पोलीस दारात, हे त्याने स्वतःच सांगितलेलं.

त्यानंतरही संपलं नाहीच. १९४९मध्ये तिच्या सत्तरीला, दोघांची लग्नं होऊन गेलेली असताना, या गृहस्थाचं पुन्हा प्रेमपत्र. असं कुणी आपल्या पोरीला पाठवलं असतं तर तू पोलिसात गेली असतीस.

मला राहून राहून म्युनिकच्या त्या बाईबद्दल वाटतं. महिनोन्महिने शिवलं, भरलं, आणि पदरी काय, तर अस्वल! कोकोश्काची तिला आलेली पत्रं छापली गेली आहेत. मला तिची उत्तरं वाचायला आवडली असती.

केळवणाची तारीख लगेच कळव, तिकीट काढायचं आहे.

तुझी,
ताई