भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

मृगाचा संत्रा तोडणीला आलाय. कॅरेट भरलेल्या गाड्या सकाळपासून वरूडच्या दिशेने चालल्या आहेत. मी निघालो ते भिंतींवरचा संत्रा टिपायला.

शेंदूरजनाघाटला येणाऱ्या रस्त्यांवर पन्हेरीवाल्यांच्या हाताने रंगवलेल्या भिंती आहेत. जंभेरीच्या खुंटावर डोळा बांधलेली इथली कलमं पार दूरच्या जिल्ह्यांत जातात, आणि बाहेरून आलेल्या गिऱ्हाइकाला पहिली ओळख ही भिंतच करून देते. फांदीला लगडलेली पाच-सहा फळं, दोन टोकदार पानं, खाली ‘संत्रा, मोसंबी, लिंबू’ आणि फोन नंबर. याला कुणी कला म्हणत नाही. मला विचाराल तर या गावाने सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चित्रं हीच.

आज एकाच भिंतीपाशी दुपारपर्यंत थांबलो. केशरी फळाच्या डाव्या खांद्यावर पांढऱ्या रंगाचा एक छोटा फटकारा आहे, उजवीकडे खाली तपकिरी सावली, आणि सालीवर ब्रशच्या टोकाने मारलेले बारीक ठिपके. ते ठिपके नसते तर तो चेंडू झाला असता. अक्षरांना निळी सावली, तीही सगळीकडे एकाच बाजूला पडलेली. शिरोरेषा सुताला रंग लावून फटकन मारलेली आहे. सुताचा पीळ अजून दोन ठिकाणी उमटलेला दिसतो.

गळ्यात दोन कॅमेरे होते. निकॉन एफएम-१० मध्ये काळा-पांढरा एचपी-५ रोल, आणि दुसरा डिजिटल. अशा भिंतीपुढे दोघांच्या अडचणी अगदी निराळ्या. निळसर भिंतीवरचं केशरी फळ डोळ्यांत भरतं, पण काळ्या-पांढऱ्या रोलवर निळा आणि केशरी जवळजवळ एकाच करड्या छटेत उतरू शकतात. मग फळ भिंतीत बुडतं. भिंगावर नारिंगी फिल्टर चढवला की निळा गडद होतो, केशरी उजळतो आणि फळ भिंतीपासून सुटून पुढे येतं. डिजिटलचं उलटं. चौकटभर केशरीच दिसलं की त्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि तो आपण होऊन निळसर झाक मिसळतो. वरूडचा संत्रा त्यात आजारी दिसतो. म्हणून रंगांचा ताळमेळ कॅमेऱ्यावर न सोडता ‘सूर्यप्रकाश’ या खुणेवर पक्का करून ठेवायचा.

भिंत पांढऱ्या चुन्याची असेल तर आणखी एक गोष्ट. कॅमेऱ्याचा मीटर प्रत्येक गोष्ट मध्यम करडी धरून चालतो, त्यामुळे चुना मळकट येतो. एक स्टॉप जास्त उजेड दिला की तो चुना दिसतो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती. पहाटेच्या गाडीने अमरावती गाठली आणि मालटेकडीवर महाराजांच्या पुतळ्यापाशी गर्दी जमायच्या आत पोचलो. पुतळ्याचा फोटो म्हणजे आकाशाशी भांडण. मोकळ्या आभाळासमोर मीटर आभाळाचा उजेड मोजतो आणि महाराज काळी आकृती होऊन बसतात. जवळ जाऊन चौथऱ्याच्या सावलीवर मीटर धरायचा, तोच आकडा कायम ठेवून मागे यायचं. आभाळ थोडं पांढरं पडतं, पडू द्यावं. चेहरा महत्त्वाचा.

नंतर इर्विन चौकात बाबासाहेब, पंचवटी चौकात भाऊसाहेब पंजाबराव देशमुख. ज्या माणसाने १९३२ साली शिवाजी शिक्षण संस्था काढून वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या पोराला शाळेत बसवलं, त्याच्या पुतळ्यापुढून कॉलेजची मुलं दिवसभर ये-जा करतात. मला फोटोत पुतळा आणि ती मुलं दोन्ही हवी होती. रोलवर अशा वेळी वाट पाहावी लागते. छत्तीस चौकटी, त्यातल्या किती उरल्यात हे बोटांना ठाऊक असतं, त्यामुळे बटण दाबण्याआधी मी चौकभर नजर फिरवतो. डिजिटलवर मी आधी दाबतो आणि मग पाहतो.

गाडीत बसल्यावर एकच विचार डोक्यात फिरत राहिला. मी आजवर पाहिलेल्या बऱ्याच चौथऱ्यांवर उद्घाटकांची नावं हातभर अक्षरांत असतात आणि शिल्पकाराचं नाव शोधावं लागतं. पुण्यात १९२८ साली बसवलेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा सासवण्याच्या विनायक पांडुरंग करमरकरांनी एकसंध ओतला, हे आज आपल्याला माहीत आहे कारण ते कुणीतरी लिहून ठेवलं आणि सासवण्याला त्यांचं काम जपलं गेलं. लिहिलं नसतं तर घोडा आणि स्वार राहिले असते, घडवणारा गेला असता.

२३ फेब्रुवारी, रविवार

गाडगेबाबांची जयंती. १८७६ साली आजच्या तारखेला आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेला हा माणूस इथल्या भिंतींवर जेवढा दिसतो तेवढा दुसरा कुणी दिसत नसेल. हातात खराटा, डोक्यावर गाडगं, ठिगळांचा अंगरखा. स्वच्छतेच्या मोहिमा आल्यापासून शाळेच्या, दवाखान्याच्या, पाण्याच्या टाकीखालच्या भिंतीवर बाबा उभे आहेत. प्रत्येक पेंटरचे बाबा वेगळे. कुणाचे रागीट, कुणाचे आजोबांसारखे. डोळे जमले की बाबा जमतात. ठिगळांचे रंग पेंटरच्या डब्यात त्या दिवशी काय उरलंय त्यावर ठरत असावेत, असा माझा अंदाज आहे.

सकाळी सात वाजता एका भिंतीखाली सफाई कामगार बाई झाडत होत्या. वर बाबांचा खराटा, खाली त्यांचा. फोटो काढू का, असं विचारलं. “काढा ना भाऊ, पन तोंडाचा नोका काढू,” म्हणाल्या. पाठमोऱ्या काढला. चौकटीत दोन खराटे आणि त्यांचा हिरवा पदर आहे.

या विषयावर बोलायचं तर अकोल्यात जन्मलेल्या सुधारक ओलवे यांचं नाव घ्यायलाच हवं. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची काळी-पांढरी छायाचित्रं त्यांनी वर्षानुवर्षं काढली, गटारात उतरून काढली. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शहराच्या फोटोत इमारत आधी की माणूस आधी, या प्रश्नाचं उत्तर वऱ्हाडच्या या माणसाने देऊन ठेवलंय.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र, सालबर्डीची यात्रा. अर्धं गाव महाराष्ट्रात, अर्धं मध्य प्रदेशात, आणि गर्दीला सीमा ठाऊक नाही. फोटो थोडेच काढले. पाळणेवाल्याच्या पत्र्यावर रंगवलेला वाघ आणि हलव्याच्या दुकानाची पाटी. बाकीचा वेळ दर्शनाच्या रांगेत गेला.

२ मार्च, रविवार

आज रोल धुतला. एचपी-५ ला डी-७६ हे रसायन पाणी न मिसळता वापरलं तर २० अंशांवर साडेसात मिनिटं लागतात. हा २० अंशांचा आकडा ठरवणाऱ्यांनी वऱ्हाडातली टाकी पाहिली नसणार. मार्च उजाडला की आमचं नळाचं पाणी कोमट येतं. परातीत बर्फाचा खडा टाकून त्यात रसायनाची बाटली उभी करायची, थर्मामीटर वीसवर आला की खडा बाहेर काढायचा. तसं न करता कोमट पाण्यातच उरकलं तर निगेटिव्ह दाट होते आणि चुन्याची भिंत पांढरा ठोकळा बनते. हायपोतून काढून पट्टी उजेडात धरली. नारिंगी फिल्टरने काम केलं. निगेटिव्हमध्ये फळ काळं आणि भिंत फिकट, म्हणजे प्रिंटमध्ये फळ उजळणार.

एके काळी अशा रोलसाठी परदेशाकडे पाहायची गरज नव्हती. उटीला १९६० मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान फोटो फिल्म्स ‘इंदू’ नावाचे रोल काढायची. तो कारखाना बंद पडला. बडोद्यात बनणारा अ‍ॅग्फा क्लिक-३ अजून कितीतरी घरांतल्या फडताळात सापडेल. १२० च्या रोलवर १२ चौकोनी फोटो. लग्नातल्या, पोळ्याच्या त्या फोटोंत मागे कुठे ना कुठे भिंत असतेच. ते अल्बम कुणी रद्दीत देऊ नयेत.

५ मार्च, बुधवार

पन्हेरीच्या भिंतीवर पुन्हा गेलो, कारण सोळा तारखेला दुपारी उजेड सपाट झाला होता. सकाळच्या तिरप्या उन्हात ब्रशचे फराटे उठून दिसतात. भिंतीला समांतर उभा राहून पन्नासच्या भिंगाने टिपत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

“काहून फोटो काढून राह्यले भाऊ? पुसून टाकाची हाय का भिंत?”

ज्यांची भिंत ते पेंटरच होते, सायकलवर, हँडलला रंगाचा डबा. चित्र आवडलं म्हणून काढतोय, असं सांगितलं. ते उतरले आणि भिंतीचा खालचा कोपरा बोटाने खरवडायला लागले.

“इथं माह्यं नाव होतं. चुना पडला त्याच्यावर.”

चुन्याचा पापुद्रा निघाला आणि खाली लाल रंगात तिरपं नाव दिसलं, पुढे ‘आर्ट’. मी ते नाव जवळून टिपलं, मग नावासकट सगळी भिंत.

काका हात टेकायची काठी दाखवत म्हणाले, “फ्लेक्स आलं अन् दुकानाच्या पाट्या गेल्या. आता शायेच्या भिंती अन् पन्हेरीवाले, एवढंच उरलं. नाव टाकाचे पैसे थोडी भेटतात! पन टाकतो. पोट्ट्यायले दाखवता येते, हे आपल्या बापानं काढलं.”

घरी येऊन १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५२ वं कलम पुन्हा वाचलं. सार्वजनिक जागी कायमचा उभा असलेला पुतळा किंवा इमारत यांचा फोटो काढून छापला तर तो हक्कभंग ठरत नाही. भिंतीवरच्या चित्राला मात्र ही सवलत दिलेली नाही. म्हणजे चौकातल्या पुतळ्याचा फोटो मी खुशाल छापावा, आणि पन्हेरीच्या संत्र्याचा छापायचा तर रंगवणाऱ्याला विचारावं. कायदा बारकाईने वाचला तर सायकलवरचे काका कलावंत ठरतात. मला हे फार आवडलं. वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीवर २०१४ साली दादासाहेब फाळके रंगवले गेले, तेव्हा रणजित दहिया हे नाव वर्तमानपत्रांत छापून आलं. तसंच नाव शेंदूरजनाघाटच्या भिंतीला का मिळू नये? फाळके स्वतः गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवत होते. त्यांनाही हे पटलं असतं.

९ मार्च, रविवार

काकांना प्रिंट नेऊन दिली. काळी-पांढरी आणि रंगीत, दोन्ही. त्यांनी रंगीत ठेवली. “संत्रा हाय, रंग पाह्यजेच,” म्हणाले. छापायला परवानगी दिली आणि नाव कसं लिहायचं तेही सांगितलं, ऱ्हस्व-दीर्घासकट. फोटोखाली ते तसंच जाईल.

परवा वरूडच्या रस्त्याला एक भिंत पांढरी झालेली पाहिली. मागच्या वर्षी तिथे बैलजोडी आणि खताची पोती होती. माझ्याकडे तिचा फोटो आहे, पण रंगवणारा कोण ते आता तिथे कुणालाच सांगता येत नाही.

होळी चार दिवसांवर आली. तुमच्या गावात हाताने रंगवलेली भिंत, दुकानाची पाटी, शाळेतले गाडगेबाबा असतील तर धुळवडीच्या आधी जाऊन फोटो काढा. फोन असला तरी चालेल. भिंतीसमोर सरळ उभे राहा, खालचा कोपरा कापू नका, आणि फोटोबरोबर तारीख, गल्ली आणि पेंटरचं नाव लिहून ठेवा. नाव पुसलं असेल तर शेजारच्या चहावाल्याला विचारा, त्याला बहुतेक ठाऊक असतं.